रातच्या लाइनीस खुलं पत्र

रातच्या लाइनीस,

तुला 'सप्रेम नमस्कार' लिहीत नाही, कारण प्रेम नाही. ओळख मात्र जुनी आहे. मी चौथीत होतो तेव्हापासून तू माझ्या बापाला जेवणाच्या ताटावरून उठवून वावरात नेतेस. पुढे मलाही नेऊ लागलीस. आता माझा पोरगा सहावीत आहे. स्टार्टर कसा दाबतात, असं त्यानं परवा विचारलं. तू त्याच्यापर्यंत पोचू नयेस, म्हणून हे पत्र चार लोकांसमोर लिहितो आहे.

सरकारी कागदावर तुझं नाव 'भार व्यवस्थापन' आहे. आमच्या मारेगाव तालुक्यात तुला रातची लाइन म्हणतात. गावठाणाचं फीडर वेगळं आणि शेताचं वेगळं. शेताच्या फीडरला आठवड्याची पाळी लावलेली असते: काही दिवस दिवसा आठ तास थ्री फेज, उरलेले दिवस रात्री दहा तास. दोन तास जास्त देऊन तू आमची अख्खी रात्र घेतेस. हा सौदा आमच्याशी कुणी कधी बोलून केला नाही. वेळापत्रक मोबाइलवर येतं, आणि ते बघून घरात ठरतं की आज कोण झोपणार आणि कोण जाणार.

यंदाच्या पौषातल्या एका रात्रीची तुला आठवण करून देतो. हरभरा फुलावर आलेला, काळी जमीन भेगा धरू लागलेली, आणि दिवसाची पाळी संपून तुझी लागलेली. बाबांनी हात धुताना विचारलं, "लाइन कितीची?" मी म्हटलं, "दहाची." ते काही न बोलता गमबूट घालायला बसले. पासष्टी ओलांडलेला माणूस. तुम्ही राहा, मी जातो, म्हटलं तर म्हणाले, "एकटा जाशीन काय? पाइप बदलवताना मांग कोण पाहीन?" स्प्रिंकलरचे पाइप एकट्याला हलवता येत नाहीत असं नाही. पण खाली वाकून पाइप जोडताना पाठ उघडी असते. दुसरा माणूस पाइपासाठी नव्हे, त्या पाठीसाठी लागतो.

दहाला स्टार्टरच्या डब्यापाशी उभे राहिलो. तीनपैकी दोन दिवे लागले, तिसरा मिणमिणता. एक फेज कमी. अशात बटण दाबलं तर मोटर जळते. म्हणून बांधावर पोतं टाकून बसलो. घरून निघताना ठरलेलं होतं की दर तासाला एक मिस्ड कॉल द्यायचा. तो गेला म्हणजे आम्ही ठीक आहोत, नाही गेला तर चुलतभावाला उठवायचं. माझी बायको हे गेली चौदा वर्षं करते आहे. ती उशाशी मोबाइल ठेवून पडते, झोपत नाही. तुझ्या दहा तासांत तिचेही दहा तास जातात आणि ते कुठल्याच मीटरवर येत नाहीत.

पावणेबाराला तिसरा दिवा लागला. मोटर धरली, नोझल फिरायला लागले. काही-काही तासांनी पाइप बदलायचे. दवानं पाइप इतके गार झालेले असतात की बोटं चिकटल्यासारखी होतात, गमबुटात चिखलाचं पाणी शिरतं आणि बॅटरीचा उजेड पाच हातांपुढे जात नाही. तसे दोनदा बदलले. उजाडायला तिसऱ्या वेळेस गेलो तेव्हा दोन पाइपांच्या मधल्या ओल्या पट्ट्यात पंजा उमटलेला दिसला. माझ्या ओंजळीएवढा. चार बोटं, मागे गादी, नखं नाहीत. त्याच्या खळग्यात पाणी पाझरत होतं, अजून भरलं नव्हतं. बाजूलाच आमच्या दोघांच्या बुटांचे ठसे होते. बाबांनी तो पंजा बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "घरी सांगू नको."

घरी सांगितलं नाही. आज इथे सांगतो.

वाघावर माझा राग नाही. तो त्याच्या वेळेला त्याच्या वाटेनं चालला होता. टिपेश्वर अभयारण्य अवघं १४८ चौरस किलोमीटरचं. तिथले तरुण वाघ नव्या जागेच्या शोधात शेतांतून, नाल्यांच्या काठाकाठानं निघतात. २०१९ मध्ये असाच एक, गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन, शिवारामागून शिवार ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत गेला होता. रात्रीचं शिवार वाघाचं, रोह्याचं, डुकराचं आणि मण्यारीचं असतं, हे आमच्या आज्यांना माहीत होतं. ते जागलीला जात तेही मचाणावर, शेकोटी पेटवून. अंधारात, चिखलात, वाकून काम करायला माणसाला तिथे पाठवणारी तू आहेस.

राळेगाव आणि पांढरकवड्याच्या भागात टी-१ वाघिणीनं, जिला सगळा देश अवनी म्हणून ओळखतो, दोन वर्षांत तेरा माणसं मारल्याचं सांगितलं गेलं. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घातली. त्या गोळीवर दिल्ली-मुंबईपर्यंत वाद झाला, कोर्टकचेऱ्या झाल्या. वाघिणीची बाजू मांडणारे होते, मेलेल्या माणसांची बाजू मांडणारेही होते, आणि दोघांचंही मी मनापासून वाचलं. पण त्या सगळ्या वादात तुझं नाव जवळजवळ कुणी घेतलं नाही. वाघाच्या भागातल्या शेताला सूर्य मावळल्यावर वीज का सोडायची, हा प्रश्न वनखात्याच्या टेबलावर वनाचा नव्हता आणि विजेच्या टेबलावर विजेचा नव्हता. तू वाचलीस ती या दोन टेबलांच्या मधल्या फटीत.

तुझा जन्म कसा झाला तेही मी समजून घेतलं आहे, कारण खटला भरायचा तर पुरता भरावा. औष्णिक केंद्राचा बॉयलर घरच्या चुलीसारखा नसतो, की संध्याकाळी विझवला आणि सकाळी पेटवला. तो रात्रभर तापता ठेवावा लागतो. रात्री शहरं झोपतात, मागणी उतरते, वीज मात्र बनत राहते. ती कुणीतरी वापरायला हवी. दुसरीकडे सगळे पंप दिवसा एकदम चालले तर तारा आणि रोहित्रं तो भार पेलत नाहीत. म्हणून शेतीपंपांचे गट पाडले, एका गटाला दिवस, दुसऱ्याला रात्र. वीज कमी होती त्या काळात या हिशोबाला कारण होतं, एवढं मी मान्य करतो.

पण तो कोळसा कुठला? मारेगावहून पूर्वेला वणीकडे निघालं की थोड्याच वेळात कोळशाच्या गाड्या लागतात. उकणी, निलजई, मुंगोली, ही नावं आमच्याकडे पोरांनाही पाठ असतात. रस्त्याकाठच्या कपाशीचं बोंड फुटलं की त्यावर काळी पूड बसते. वेचणाऱ्या बायांची ओटी संध्याकाळी झटकली तर खाली पांढरं नव्हे, करडं पडतं. वर्धा नदीच्या पलीकडे चंद्रपूरचं २,९२० मेगावॅटचं केंद्र उभं आहे. कोळसा या भागातला, धूळ या भागातली, तापलेला उन्हाळाही याच भागातला. आणि त्या विजेतून या भागातल्या कास्तकाराच्या वाट्याला आलीस ती तू.

आता तर तुझं ते कारणही उरलेलं नाही. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत भारतानं २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगरजीवाश्म इंधनांच्या क्षमतेचा शब्द दिला. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारनं जाहीर केलं की देशाच्या एकूण स्थापित वीजक्षमतेत कोळसा-तेल-वायू सोडून बाकीच्यांचा वाटा अर्ध्यावर पोचला. ही नवी वीज बहुतेक उन्हाची आहे, म्हणजे ती दुपारी बनते. पिकाला पाणी दिवसा द्यायचं असतं, माणसाला काम दिवसा करायचं असतं आणि सूर्य दिवसा तळपतो. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळलेल्या असताना तू अजून आमच्या शिवारात का आहेस, याचं उत्तर मला तुझ्याकडूनच हवं आहे.

एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल राज्य सरकारनं माफ केलं. राज्यातल्या ४४ लाखांवर शेतकऱ्यांसाठी, पाच वर्षं. त्याचा आधार झाला, हे मी नाकारत नाही. या तालुक्यात कर्जापायी फास घेतलेल्या माणसांची नावं पेपरात वाचत आम्ही मोठे झालो आहोत, तिथे बिलाचा एक कागद कमी होणं ही लहान गोष्ट नाही. पण बिल माफ झालं, रात्र माफ झाली नाही.

आणि रात्रीचा भुर्दंड सगळ्यांना सारखा नसतो. आमच्या गावात एक काकू आहेत. नवरा गेल्याला सात वर्षं झाली, पोरगी शिकते आहे, अडीच एकर काळी जमीन, विहिरीला बारमाही पाणी, तीन एचपीची मोटर. कपाशी त्या स्वतःच्या हातानं पिकवतात आणि माझ्यापेक्षा चांगली पिकवतात. पण दिवाळी झाली की ओलिताचं वावर ठेक्यानं देऊन टाकतात, कारण रात्री दोनला विहिरीवर कोण जाणार? त्यांच्या पाण्यावर, त्यांच्या जमिनीत गहू दुसऱ्याचा होतो. यवतमाळ जिल्ह्यात अशा एकट्या शेती करणाऱ्या बाया गावोगाव आहेत. जमीन सातबाऱ्यावर त्यांची असते, रब्बी मात्र तू त्यांच्याकडून काढून घेतलेली असते.

तू आणखी एक करतेस. रात्री जायला नको म्हणून लोक स्टार्टरला ऑटो स्विच लावतात. लाइन आली की पंधरा-वीस मोटरी एकाच क्षणी धरतात आणि डीपीवर, म्हणजे रोहित्रावर, एकदम भार पडतो. गेल्या हंगामात आमची डीपी अशीच जळाली. गहू ओंबीवर होता. बारा दिवस पाणी नाही. नवी डीपी आणायला ट्रॅक्टरचं भाडं आम्ही घराघरांतून वर्गणी करून भरलं. ज्यांच्याकडे तक्रार नेली त्यांनी ऑटो काढा म्हणून सुनावलं. त्यांचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं. पण ऑटो माणसाला का लावावासा वाटतो, हे त्यांच्यापैकी एकानंही विचारलं नाही.

तुला वाटत असेल, हे गाऱ्हाणं नेहमीचं आहे, चार दिवस बोलतील आणि पुन्हा बॅटरी घेऊन निघतील. इतकी वर्षं तसंच झालं. त्याचं कारण मला बऱ्याच उशिरा कळलं. आमचा हा मुलूख नकाशांच्या शिवणीवर पडलेला आहे. महसुलाला आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, अमरावती विभागातले. लोकसभेला मात्र वणी विधानसभेबरोबर चंद्रपूरला मत देतो. कोळशाचं मुख्यालय नागपूर. वाघाचं विचारायला पांढरकवडा. नदीचा एक काठ आमचा, दुसरा चंद्रपूर जिल्ह्याचा. पाणी, वीज, वाघ, कोळसा, ऊन हे सगळं एकाच शिवारात एकत्र नांदतं, पण त्यांच्या फायली कधी एका खोलीत येत नाहीत. जिथे शिवण उसवते तिथे तू बसलेली असतेस.

फायली एकत्र येऊ शकतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं आहे. २३ ऑगस्ट २०१६ ला महाराष्ट्र आणि तेलंगणानं मुंबईत बसून करार केला, त्यात आमच्या पैनगंगेवरचा चनाका-कोरटा बंधारा होता. दोन राज्यं, दोन भाषा, वर्षानुवर्षांचं भांडण, तरी नदीच्या पाण्यावर सही झाली. त्याच तेलंगणानं १ जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास वीज दिली. झरी-जामणीच्या माणसाला पैनगंगेच्या काठावर उभं राहून पलीकडची मोटर दिवसा चाललेली ऐकू येते. चोवीस तास हवेतच असं माझं म्हणणं नाही, भूजल उपसून संपवायचं नसेल तर ते नकोच. आम्हाला दिवसाचे आठ तास द्या, पण ते रोजचे द्या आणि पुऱ्या दाबाचे द्या.

आपल्याकडे काही झालंच नाही असंही नाही, आणि इथे तुझं मरण लिहिलेलं आहे, म्हणून नीट ऐक. जून २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली तेव्हा प्रयोगासाठी दोन गावं निवडली होती. एक नगर जिल्ह्यातलं राळेगणसिद्धी आणि दुसरं आमच्या यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी. उपकेंद्राजवळ सौर पॅनल उभे करायचे, तिथली वीज थेट शेतीच्या फीडरला द्यायची, पंप दिवसा चालवायचे. कल्पना इतकी साधी होती की आमच्या बाबांनाही एका वाक्यात कळली. मग पुढची काही वर्षं ती रांगत राहिली. २०२३ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला आणि त्यात केंद्राच्या कुसुम योजनेचं ३० टक्के साहाय्य जोडलं गेलं. मार्च २०२४ मध्ये सुमारे ९,००० मेगावॅटची कामं दिली गेली, युनिटचा दर तीन रुपयांच्या आसपास. ५ ऑक्टोबर २०२४ ला पाच ठिकाणचे मिळून १९ मेगावॅट सुरू झाले, त्यात वैजापूर तालुक्यातलं धोंदलगाव होतं.

या दुसऱ्या टप्प्यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते जमिनीचं कलम. खासगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं, दर वर्षी तीन टक्के वाढीनं. सरकारी जमीन नाममात्र भाड्यानं. आणि ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प होईल तिला वर्षाला पाच लाख, तीन वर्षं. म्हणजे केंद्र, राज्य, वीज कंपनी, बांधणारा ठेकेदार आणि गाव, असे पाच हात एका दोराला लागतात तेव्हा एक फीडर दिवसावर येतं. पाचातला एक सुटला की दोर तिथेच पडतो. आमच्या गावात तो सुटला. कुठे सुटला तेही सांगतो, कारण त्यात आमचाही वाटा आहे.

गेल्या वर्षी ग्रामसभेत गायरानाचा विषय आला. उपकेंद्र जवळ, गायरान मोकळं, एका मेगावॅटला चार-पाच एकर पुरतात. शिकलेल्या पोरांना वाटलं, हात वर झाले की संपलं. तेवढ्यात गावचा ढोरकी उठला. ज्यानं सबंध जन्म गावाची गुरं राखली, तो माणूस मी ग्रामसभेत बोलताना पहिल्यांदाच ऐकला. म्हणाला, "तुमाले दिवसा लाइन पायजे, बराबर हाय. मंग आमी ढोरं कोठी चारावं?" त्याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. गायरानाचा मोजणी नकाशा कुणी आणलेला नव्हता. विजेकडचं कुणी आलेलं नव्हतं. कुंपण कुठे लागणार, पाणवठ्याची वाट राहणार की जाणार, पॅनल धुवायला पाणी कुणाच्या विहिरीतून घेणार, यातलं एकही सांगणारा माणूस सभेत नव्हता. आरडाओरड झाली. एकानं ढोरक्याला विकासविरोधी म्हटलं. मला त्याची आजही लाज वाटते, कारण मी तेव्हा गप्प बसलो. विषय तहकूब झाला आणि तुला आणखी एक रब्बी मिळाली.

गायरान म्हणजे पडीक जागा नव्हे. ज्याच्याकडे वावर नाही त्याची दोन शेरडं, एक गाय त्यावर जगते. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०११ मध्ये जगपालसिंगच्या खटल्यात गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं ते यासाठीच. तेव्हा दिवसाच्या विजेसाठी ढोरक्याची भाकर काढून घ्यायची असेल तर तुझ्यात आणि आमच्यात फरक काय राहिला? तू काकूंची रब्बी घेतलीस, आम्ही त्याचा चारा घेणार होतो.

म्हणून यंदा आम्ही उलट्या टोकानं सुरुवात केली. दिवाळीनंतरच्या एका रविवारी आठ-दहा जण ढोरक्याला सोबत घेऊन गायरान पायी फिरलो. पुढे तो, मागे आम्ही. कुठला तुकडा गुरांचा, कुठे पावसाळ्यात पवना गवत कमरेपर्यंत येतं, कुठून पाणवठ्याची वाट जाते, हे त्यानं काठीनं दाखवलं. टेकाच्या वरच्या अंगाला एक मुरमाड पट्टा आहे. तिथे काठी आपटून तो म्हणाला, "इथं तरोट्याबिगर काई निघत नाई. हे घ्या. पन नाल्याची वाट सोडा." आम्ही मोबाइलवर चालत चालत मोजलं. पाच एकरांवर भरलं. गावात साठ-सत्तर वर्षांत जे कुठल्या कागदावर आलं नव्हतं ते त्या माणसाच्या डोक्यात गटागटानं, बांधाबांधानं होतं. एवढं साधं काम आम्ही आधी का केलं नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

सगळ्यांना फीडरच हवं असंही मी म्हणत नाही. विहिरी जवळजवळ आहेत, तारा आलेल्या आहेत, तिथे फीडर सूर्यावर आणणंच शहाणपणाचं, कारण ढगाळ दिवशीही मागे ग्रीड उभं असतं आणि पॅनल राखायला रात्री जागं राहावं लागत नाही. पण टेकडीपल्याडच्या कोलाम पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, लाइन नीट पोचलेलीच नाही. तिथे ज्यांच्याकडे थोडंसं पाणी आहे त्यांच्यासाठी 'मागेल त्याला सौर कृषी पंप' बरा. अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला पाच टक्के भरावे लागतात, इतरांना दहा. नोव्हेंबर २०२३ पासून कोलामांसारख्या समाजांसाठी केंद्राची जनमन योजना आहे, त्यात घरच्या दिव्याचीही सोय आहे. पोडावरच्या माणसाला यातलं कुठलं काय लागू होतं ते बसून सांगणारा एक माणूस महिन्यातून एकदा तिथे गेला, तरी पुरे. ते काम आमच्यातल्या दोन पोरींनी अंगावर घेतलं आहे, आणि त्या जातात.

साताऱ्याच्या पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं. शंभरेक घरांचं गाव. तिथला डोंगर वेगळा, पाऊस वेगळा, आणि आमच्यासारखी कोरडवाहू कपाशी तिथे नाही. तरी एक गोष्ट मी त्यांच्याकडून घेतली. त्यांनी योजना यायची वाट पाहिली नाही, गाव आधी एकत्र बसवलं. योजना आली तेव्हा तिला उतरायला जागा तयार होती.

तुझ्याविरुद्धचा अर्ज मी स्वतः लिहिला. दोन पानं. पहिल्या पानावर मागणी, दुसऱ्यावर अटी: मुरमाड पट्टाच घ्यावा, नाल्याची वाट बारा फूट मोकळी सोडावी, पॅनलखालचं गवत कापून न्यायचा पहिला हक्क बिनजमिनीच्या घरांचा, राखणीला आणि धुलाईला गावातलीच माणसं, आणि ग्रामपंचायतीला येणारे पाच लाख कुठे लावायचे ते महिलांच्या सभेत आधी ठरावं. वाघाची ये-जा असलेली फीडरं आधी दिवसावर आणावीत, असंही त्यात लिहिलं आहे. त्या ओळीखाली बाबांनी स्वतःहून सही केली. पंजा त्यांनी घरी अजून सांगितलेला नाही, पण अर्जावर त्या रात्रीची तारीख घातली.

अर्जाच्या प्रती चार ठिकाणी दिल्या: ग्रामपंचायत, तहसील, वीज उपकेंद्र आणि वनविभाग. प्रत्येक ठिकाणी तो 'आमचा विषय नाही' म्हणून परत करण्याचा प्रयत्न झाला. प्रत्येक ठिकाणी आम्ही बसून राहिलो आणि आवक क्रमांक घेऊनच उठलो. सव्वीस जानेवारीच्या सभेला चौघांनीही माणूस पाठवावा, अशी विनंती केली आहे. दोघांनी येतो म्हटलं. उरलेल्या दोघांकडे या आठवड्यात पुन्हा जाणार आहे.

आतापर्यंत तुझा विषय 'ऐनवेळचे विषय' म्हणून सभेच्या शेवटी यायचा, लोक चपला शोधत असताना. यंदा तो विषयपत्रिकेवर छापलेला आहे, तिसऱ्या क्रमांकावर. काकूंनी त्यावर बोलायचं कबूल केलं आहे. ढोरकीही येणार आहे, त्यानं मोजणीचा नकाशा मागून घेऊन पाहून ठेवला. सभा झेंडावंदनानंतर अकरा वाजता आहे, शाळेच्या पटांगणात, उन्हात.

मारेगाव तालुक्यातला एक कास्तकार